न उच्चारलेल्या अक्षराची मोजणी : फ्रेंच क्रियारूपे, आघात आणि आपले तौलनिक वाचन

१. प्रश्नाची मांडणी

तौलनिक साहित्याभ्यासात पद्याच्या बांधणीचा प्रश्न बहुधा शेवटी येतो आणि तोही घाईने उरकला जातो. आशय, प्रतिमा, मिथके, वाङ्मयीन संकल्पनांचा प्रवास हे सारे भाषांतरातून काही प्रमाणात तरी हाती लागते. चरणातील अक्षरसंख्या, यती आणि आघात यांच्या बाबतीत मात्र भाषांतर आपल्याला काहीच देत नाही. परिणामी मूळ भाषा येत नसलेला अभ्यासक या बाबींविषयी मौन पाळतो, किंवा मध्यस्थ भाषेच्या छंदःशास्त्रातील संज्ञा मूळ कवितेला चिकटवतो. मराठीतून फ्रेंच कवितेविषयी लिहिताना हे दुसरे संकट विशेष जाणवते. आपण फ्रेंच कवितेकडे बहुतेक वेळा इंग्रजीच्या खिडकीतून पाहतो, आणि इंग्रजी पद्य ज्या शब्दनिष्ठ आघातावर उभे आहे तो आघात फ्रेंच चरणातही असणार असे गृहीत धरतो.

प्रस्तुत लेखात या विस्तृत प्रश्नाचा एक लहानसा भाग विचारासाठी घेतला आहे. फ्रेंच क्रियारूपांची अक्षरविभागणी कशी होते, त्यांच्यावर आघात कुठे पडतो, आणि या दोन गोष्टींचा काव्याच्या अर्थनिर्णयाशी काय संबंध पोचतो, एवढेच येथे पाहावयाचे आहे. क्रियारूपेच निवडण्याचे कारण असे की, लिहिले जाते पण ऐकू येत नाही अशा प्रत्ययांची सर्वांत मोठी संख्या फ्रेंचमध्ये क्रियापदातच आढळते. काळ, पुरुष आणि वचन यांचा भेद दाखविणारे हे प्रत्यय काव्याच्या समीक्षेत पुराव्यासारखे वापरले जातात. तो पुरावा केव्हा ग्राह्य धरावा आणि केव्हा धरू नये, हा या लेखाचा खरा विषय आहे.

परिभाषेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. ‘अक्षर’ हा शब्द मी एका स्वराभोवती जमणारा, एका प्रयत्नात उच्चारला जाणारा ध्वनिसमूह या अर्थाने वापरतो. लिपीतील चिन्हासाठी ‘वर्ण’ हा शब्द योजतो. फ्रेंच रूपे देवनागरीत लिहिताना ज्या व्यंजनानंतर स्वर उच्चारला जात नाही ते पाय मोडून लिहिले आहे. पूर्ण लिहिलेले व्यंजन अकारासह मोजावयाचे आहे.

२. एक धातू, अनेक विभागण्या

‘पार्ले’ म्हणजे बोलणे, हा फ्रेंचमधील अगदी नियमित धातू आहे. ‘तो बोलतो’ आणि ‘ते बोलतात’ या दोन रूपांचे लेखन वेगळे आहे. एकवचनाच्या शेवटी केवळ मूक ‘ई’ हा वर्ण येतो. अनेकवचनाच्या शेवटी ‘ई’, ‘एन्’ आणि ‘टी’ असे तीन वर्ण येतात. आजच्या बोलण्यात मात्र दोन्ही रूपे ‘इल् पार्ल्’ अशीच ऐकू येतात. वचनाचा भेद डोळ्यांना दिसतो, कानाला कळत नाही.

अभिजात फ्रेंच पद्यात परिस्थिती बदलते. पद्याचा नियम असा की, शब्दान्ती असलेला मूक ‘ई’ पुढे व्यंजन आल्यास मोजावा, पुढे स्वर आल्यास त्याचा लोप करावा, आणि चरणाच्या अखेरीस तो मोजू नये. अनेकवचनाच्या प्रत्ययात मूक ‘ई’नंतर ‘एन्’ आणि ‘टी’ ही व्यंजने लिहिलेली असल्यामुळे पुढे स्वर आला तरी लोप होत नाही. उलट ‘टी’चा उच्चार जागा होऊन तो पुढील स्वराला जोडला जातो. ‘तो अजून बोलतो’ याची विभागणी ‘इल्-पार्-लां-कोर्’ अशी, म्हणजे चार अक्षरांची होते. ‘ते अजून बोलतात’ याची विभागणी ‘इल्-पार्-ल-तां-कोर्’ अशी पाच अक्षरांची होते. नित्याच्या बोलण्याने टाकून दिलेला वचनभेद पद्याने एका पूर्ण अक्षराच्या रूपाने राखून ठेवला आहे. पुढील शब्द व्यंजनाने सुरू होत असेल तर मात्र एकवचन आणि अनेकवचन दोन्ही दोनच अक्षरांची होतात, आणि भेद पुन्हा मावळतो. क्रियारूपाची अक्षरसंख्या केवळ त्या रूपावरून ठरवता येत नाही, शेजारचा शब्द पाहावा लागतो, हा येथून मिळणारा पहिला निष्कर्ष होय.

दुसरे उदाहरण अपूर्ण भूतकाळाचे. ‘तो बोलत असे’ आणि ‘ते बोलत असत’ ही दोन्ही रूपे ‘पार्-लॅ’ अशी उच्चारली जातात. अनेकवचनाच्या लेखनात येथेही मूक ‘ई’ आहे. परंतु तो पद्यात कधीच मोजला जात नाही. जुन्या फ्रेंचमध्ये हा प्रत्यय दोन अक्षरांचा होता. पुढे तो आकुंचन पावून एका अक्षराचा झाला आणि अभिजात छंदःशास्त्राने ते आकुंचन मान्य केले. सतराव्या शतकातील मुद्रित पुस्तकांत या प्रत्ययाचे लेखन आजच्याहून वेगळे होते. फ्रेंच अकादमीने आजचे लेखन आपल्या कोशाच्या १८३५ च्या आवृत्तीत स्वीकारले. वर्ण बदलले, तरी पद्यातील मोजणी एका अक्षराचीच राहिली.

तिसरे उदाहरण ‘व्वार्’ म्हणजे पाहणे या धातूचे. ‘ते पाहतात’ या रूपात मूक ‘ई’ हा स्वरानंतर लगेच येतो आणि त्यापुढे पुन्हा ‘एन्’ व ‘टी’ आहेत. अशा रूपाचा लोप करता येत नाही आणि ते मोजणेही कानाला पटत नाही. म्हणून अभिजात नियमाने चरणाच्या मध्ये या रूपांना मज्जावच केला. ती फक्त चरणाच्या अखेरीस येऊ शकतात. ‘असणे’ आणि ‘जवळ असणे’ या दोन सहायक क्रियापदांच्या संशयार्थी अनेकवचनांना तेवढी सूट मिळाली आणि ती एकाक्षरी मानली गेली. या धातूचे एकवचन चरणात कुठेही येऊ शकते. वर्तमानकाळी अनेकवचन मात्र चरणान्तीच.

३. दोन अक्षरे की एक

मूक ‘ई’प्रमाणेच ‘इ’, ‘उ’ यांसारख्या स्वरांपुढे दुसरा स्वर आला असता त्यांचे एक अक्षर करावे की दोन, हा प्रश्नही क्रियारूपांत वारंवार उपस्थित होतो. ‘नू पोर्त्यों’ म्हणजे ‘आम्ही वाहून नेत होतो’. याच वर्णांनी लिहिले जाणारे एक नामही आहे; त्याचा अर्थ ‘वाटे’ किंवा ‘भाग’, आणि उच्चार ‘पोर्स्यों’. क्रियारूपात ‘टी’ हा ‘त’ राहतो, नामात तो ‘स’ होतो, हा भेद बोलण्यातही आहे. पद्यात त्याच्या जोडीला संख्येचाही भेद येतो : क्रियारूप ‘पोर्-त्यों’ असे दोन अक्षरांचे, तर नाम ‘पोर्-सि-ओं’ असे तीन अक्षरांचे. नामातील ‘इ’ हा विद्वानांनी लॅटिनमधून उचललेल्या शब्दाचा स्वतंत्र स्वर आहे, म्हणून तो सुटा मोजला जातो. क्रियारूपातील ‘इ’ हा प्रत्ययाचा भाग आहे आणि तो पुढील स्वरात मिसळून गेला आहे.

‘इ’ जर धातूचाच भाग असेल तर क्रियारूपातही तो सुटा राहतो. ‘आम्ही सोपवतो’ या अर्थाचे रूप पद्यात ‘कों-फि-ओं’ असे तीन अक्षरांचे होते; ‘आम्ही केस विंचरत होतो’ या अर्थाचे रूप मात्र ‘क्वा-फ्यों’ असे दोन अक्षरांचे. दोन्हींच्या अखेरीचे वर्ण तेच आहेत. फरक आहे तो धातू कुठे संपतो आणि प्रत्यय कुठे सुरू होतो याचा. म्हणजे व्याकरणिक विश्लेषण केल्यावाचून येथे मोजणीच करता येत नाही.

याला एक उच्चारनिष्ठ अपवाद आहे. धातूच्या शेवटी व्यंजन अधिक ‘र’ किंवा ‘ल’ असे जोडाक्षर असेल, तर प्रत्ययातील ‘इ’ पुढील स्वरात मिसळणे जिभेला अवघड जाते. म्हणून ‘तुम्हांला आवडेल’ या अर्थाचे संकेतार्थी रूप सतराव्या शतकापासून ‘व्हू-द्रि-ए’ असे तीन अक्षरांचे मोजले जाते. आजच्या बोलण्यातही हे ‘इ’ सुटेच राहिले आहे. पद्याचे नियम म्हणजे केवळ जुन्या उच्चाराचे जतन नव्हे, हे या उदाहरणावरून ध्यानात यावे. येथे पद्याने बदलत्या उच्चाराचा स्वीकार केला आहे.

४. आघात : शब्दाचा की वाक्यखंडाचा

अक्षरविभागणीचे हे सारे वैचित्र्य आघाताच्या इतिहासातून आले आहे. लॅटिनमध्ये आघात शब्दाच्या उपान्त्य किंवा त्याआधीच्या अक्षरावर असे. फ्रेंच घडत असताना आघातानंतरची अक्षरे झिजली. त्यांतील काही नाहीशी झाली, काही मूक ‘ई’च्या रूपाने मागे राहिली. म्हणून फ्रेंच शब्दातील शेवटचे पूर्ण उच्चारित अक्षर हेच बहुधा जुने आघातयुक्त अक्षर असते. ‘कूव्हां’ म्हणजे मठ आणि ‘कूव्ह्’ म्हणजे ‘त्या अंडी उबवतात’ हे दोन शब्द एकाच वर्णक्रमाने लिहिले जातात. पहिल्यात लॅटिन आघात दुसऱ्या अक्षरावर होता म्हणून ते अक्षर सानुनासिक स्वरासह टिकले. दुसऱ्यात तो धातूवर होता, म्हणून प्रत्यय मूक झाला. लेखन सारखे असूनही आघाताच्या इतिहासाने दोन शब्द वेगळे ठेवले आहेत.

लॅटिन वर्तमानकाळात एकवचनात आणि तृतीयपुरुषी अनेकवचनात आघात धातूवर पडे. प्रथम आणि द्वितीय पुरुषाच्या अनेकवचनांत तो प्रत्ययावर सरकत असे. आघातयुक्त स्वर आणि आघातहीन स्वर वेगवेगळ्या रीतीने विकास पावल्यामुळे एकाच धातूची दोन अंगे तयार झाली. ‘पिणे’ या धातूची ‘ब्वा’ आणि ‘ब्यूव्हों’, ‘येणे’ या धातूची ‘व्ह्यँ’ आणि ‘व्हनों’ ही रूपे आजही हा भेद दाखवतात. आज अगदी नियमित वाटणारा ‘पार्ले’ हा धातूही एके काळी असाच होता : जुन्या फ्रेंचमध्ये ‘तो बोलतो’ यासाठी ‘पारोल’ हे रूप होते आणि ‘आम्ही बोलतो’ यासाठी ‘पार्लों’. पुढे सादृश्याने धातूचे एकच अंग उरले आणि ‘पारोल्’ हे नामापुरते शिल्लक राहिले. सोस्यूरच्या भाषाविचारातून ‘पारोल्’ ही संज्ञा आपल्या परिचयाची आहे. ती मुळात या धातूशी निगडित आहे, हे सहसा आपल्या मनात येत नाही. काव्याने अशी जुनी रूपे काही काळ जपली. ‘सापडणे’ या अर्थाच्या धातूचे ‘त्रव्ह्’ हे जुने आघातयुक्त अंग मोलिएरच्या ‘ल मिझांत्रोप्’ (१६६६) या नाटकात यमकाच्या जागी भेटते.

या इतिहासामुळे एक गैरसमज होण्याचा संभव आहे. आघात शेवटच्या अक्षरावर असतो एवढे कळले की, प्रत्येक शब्दावर एक आघात असतो असे आपण मानू लागतो. फ्रेंचमध्ये तसे होत नाही. आघात वाक्यखंडाच्या शेवटी पडतो आणि खंडाच्या पोटातील शब्द आपला आघात गमावतात. ‘तो बोलतो’ एवढेच म्हटले तर आघात ‘पार्’वर आहे; ‘तो चांगले बोलतो’ असे म्हणताच तो ‘ब्यँ’ या क्रियाविशेषणावर जातो आणि क्रियापद आघातहीन होते. ‘बोलतो का तो?’ असा विपर्यस्त प्रश्न केला तर आघात शेवटच्या सर्वनामावर, ‘तिल्’ या अक्षरावर पडतो. ‘मी बोलतो का?’ हा प्रश्न ग्रांथिक भाषेत ‘पार्-लॅझ्’ असा होतो : मूक ‘ई’वर आघात पडू शकत नाही म्हणून त्याला पूर्ण स्वराचे रूप घ्यावे लागते. परंपरेने येथे वर्णावर जे चिन्ह दिले जाई ते प्रत्यक्ष उच्चाराशी जुळत नव्हते. ६ डिसेंबर १९९० रोजी फ्रान्सच्या राजपत्रात प्रसिद्ध झालेल्या शुद्धलेखनविषयक शिफारशींनी उच्चारानुसारी चिन्ह सुचवले. मूक ‘ई’वर आघात पडण्याचे प्रसंग आजच्या भाषेत मोजकेच आहेत, त्यांतील ठळक म्हणजे आज्ञार्थानंतर येणारे ‘ल’ हे सर्वनाम. ‘त्याच्याकडे पाहा’ या अर्थाच्या ‘रगार्द-ल’ या रचनेत आघात त्या ‘ल’वरच पडतो.

५. मराठी वाचकाची सोय

हे नियम प्रथमदर्शनी परके वाटतात. परंतु मराठी वाचकाजवळ ते समजून घेण्याची एक उत्तम सोय आहे आणि ती आपण क्वचितच वापरतो. आपल्या लेखनातील अकार अनेक ठिकाणी उच्चारला जात नाही. त्याला आपले व्याकरण निभृत अकार म्हणते. शिवाय हा अकार क्रियारूपांत स्थिर नसतो. ‘विसर’ हा धातू आपण ‘वि-सर्’ असा उच्चारतो. ‘विसरू’ म्हणताना विभागणी ‘विस्-रू’ होते. ‘विसरतो’ म्हणताना ती ‘वि-सर्-तो’ होते. धातू तोच, लेखन तेच. प्रत्यय बदलला की अक्षरांच्या सीमा बदलतात. फ्रेंचमध्ये ‘हाक मारणे’ या अर्थाच्या धातूची ‘आ-पॅल्’ आणि ‘आ-प्लों’ ही रूपे याच प्रकारची आहेत. फरक इतकाच की फ्रेंच लेखन पहिल्या रूपात ‘एल्’ हा वर्ण दुप्पट करून बदल नोंदवते. मराठी लेखन तो वाचकाच्या भाषाज्ञानावर सोपवते.

पद्यातील साम्य याहून महत्त्वाचे आहे. ‘विसरत नाही’ हे शब्द बोलताना ‘विस्-रत्-ना-ही’ अशी चार अक्षरे ऐकू येतात. मोठ्या अभंगाच्या सहा अक्षरी चरणात मात्र ती सहा धरावी लागतात. लिहिलेला प्रत्येक अकार येथे मोजला जातो आणि गाताना त्याला त्याचा वेळ मिळतो. माधव जूलियन यांनी ‘छंदोरचना’ (१९३७) या ग्रंथात मराठी पद्याची छंद, वृत्त आणि जाती अशी जी त्रिविध व्यवस्था लावली, तिचा या संदर्भात चांगला उपयोग होतो. जातिरचनेत मात्रा मोजल्या जातात. तेथे ‘कर’ या शब्दाचे दोन लघू धरले काय किंवा ‘कर्’ असा एक गुरू धरला काय, मात्रा दोनच होतात. निभृत अकाराचा प्रश्न तेथे आपोआप मिटतो. अक्षरसंख्येवर उभ्या असलेल्या छंदात मात्र एक की दोन हे ठरवावेच लागते. फ्रेंच पद्य या दुसऱ्या जातीचे आहे. त्याची खरी तुलना इंग्रजी आघातवृत्ताशी किंवा आपल्या गणवृत्तांशीही नाही. ती ओवी-अभंगांच्या अक्षरगणनेशी आहे. बेन्वा द कॉर्न्युलिए यांनी ‘तेओरी द्यु व्हॅर्’ (१९८२) या ग्रंथात फ्रेंच वृत्ताचा पाया अक्षरसंख्येची कानाला जाणवणारी समानता हाच मानला आहे. या भूमिकेशी मराठी अभ्यासकाला सहज संवाद साधता येईल.

अर्थात साम्याला मर्यादा आहेत. अभंग गेय आहे आणि गाण्याच्या ओघात निभृत अकार पुन्हा सजीव होतो. फ्रेंच शोकांतिकेचा चरण रंगभूमीवर म्हटला जातो, गायला जात नाही. म्हणून मूक ‘ई’ किती स्पष्ट उच्चारावा हा तेथे नटापुढचा खराखुरा प्रश्न असतो. ज्याँ-क्लोद मिल्नेर आणि फ्रांस्वा रन्यो यांचे ‘दीर् ल व्हॅर्’ (१९८७) हे पुस्तक याच प्रश्नासाठी लिहिले गेले. पुन्हा, फ्रेंच पद्यात पुढच्या शब्दाच्या आद्य स्वरानुसार लोप होतो. अभंगात शब्दसीमेवर अशी अट नाही. तरीही लेखनात असलेले, बोलण्यात नसलेले आणि पद्यात मोजले जाणारे अक्षर ही कल्पना आपल्याला नवीन नाही. ज्यूल ब्लोक यांनी मराठीच्या घडणीवरील आपला ग्रंथ १९२० मध्ये पॅरिसमध्ये प्रसिद्ध केला आणि वा. गो. परांजपे यांनी तो १९४१ मध्ये मराठीत आणला. मराठी शब्दान्त्य स्वरांच्या लोपाचा विचार एका फ्रेंच अभ्यासकाने इतक्या आस्थेने केला होता. उलट दिशेने पाहण्याचे काम आपल्याकडे अजून बरेच शिल्लक आहे.

६. यतीच्या जागी क्रियापद

आता मूळ मुद्द्याकडे यावयास हरकत नाही. ‘आलेक्सांद्रँ’ हा फ्रेंच अभिजात काव्याचा प्रमुख चरण बारा अक्षरांचा. सहाव्या अक्षरानंतर यती येते आणि सहावे व बारावे ही दोनच स्थाने आघातासाठी निश्चित असतात. सहाव्या स्थानी शब्दाचे शेवटचे पूर्ण अक्षर यावे लागते. त्या शब्दाच्या शेवटी मूक ‘ई’ असेल तर पुढचा चरणार्ध स्वराने सुरू होऊन त्याचा लोप व्हावा लागतो. मध्ययुगीन वीरकाव्यांत यतीच्या जागी मूक ‘ई’ न मोजता सोडून देण्याची मुभा होती. अभिजात काळात ती उरली नाही.

हा नियम क्रियारूपांना लावून पाहू. ‘ते बोलतात’ हे रूप यतीच्या जागी येऊच शकत नाही, कारण ‘पार्’ सहाव्या स्थानी ठेवले तर न लोपणारे ‘ल’ सातव्या स्थानी सांडते. ‘ते बोलले’ हे साध्या भूतकाळाचे रूपही त्याच कारणाने बाद होते. त्याच्याही शेवटी ‘ई’, ‘एन्’, ‘टी’ आहेत. ‘ते बोलत असत’ हे अपूर्ण भूतकाळाचे रूप मात्र निर्वेध येते, कारण त्यातील मूक ‘ई’ मोजलाच जात नाही. भविष्यकाळाचे आणि संकेतार्थाचे अनेकवचनही येते. वर्तमानकाळात ‘ते आहेत’, ‘त्यांच्याजवळ आहे’, ‘ते जातात’ आणि ‘ते करतात’ ही चार अनेकवचने येऊ शकतात, कारण ती सानुनासिक स्वरात संपणारी एकाक्षरी रूपे आहेत. एकवचनाची गोष्ट निराळी. ‘तो बोलला’ आणि ‘तो बोलत असे’ ही ‘पार्ला’ व ‘पार्लॅ’ अशी दोन्ही रूपे यतीला सारखीच चालतात.

याचा समीक्षेशी संबंध काय, हे मला एका विद्यार्थिनीच्या निबंधामुळे उमगले. फ्रेंच शोकांतिकेतील एका दीर्घ निवेदनावर तिने लिहिले होते. चरणार्धाच्या अखेरीस तृतीयपुरुषी अनेकवचनात वारंवार अपूर्ण भूतकाळ येतो, साधा भूतकाळ येत नाही, हे तिने नेमके टिपले होते. आणि घडून गेलेली घटना निवेदकाच्या मनात संपलेली नाही, ती रेंगाळते आहे, असा अर्थ त्यातून काढला होता. निरीक्षण अचूक होते आणि निष्कर्ष आकर्षक होता. मी तो निबंध वाखाणला आणि वर्गात इतरांना आदर्श म्हणून वाचूनही दाखवला. पुढे काही दिवसांनी त्याच चरणांची अक्षरे मोजत असताना लक्षात आले की, साधा भूतकाळ त्या जागी येणे शक्यच नव्हते. जे रूप नियमानेच वर्ज्य आहे ते कवीने टाळले, या गोष्टीतून कवीच्या मनाविषयी काहीही सिद्ध होत नाही. चूक विद्यार्थिनीपेक्षा माझी अधिक होती. तिला काळांचे अर्थ शिकवले होते, अक्षरे मोजायला शिकवले नव्हते.

यावर असे म्हणता येईल की, कवी समर्थ असेल तर तो वाक्यच वेगळे रचील. क्रियापद यतीच्या जागी आणलेच पाहिजे अशी सक्ती त्याच्यावर नव्हती. हा आक्षेप रास्त आहे. साधा भूतकाळ हवाच असेल तर कवी क्रियापद चरणाच्या इतर स्थानी ठेवू शकतो किंवा चरणान्ती यमकासाठी वापरू शकतो. म्हणून नियमाने अर्थ नाहीसा होतो असे मला म्हणावयाचे नाही. म्हणणे एवढेच की, अर्थ निवडीत असतो आणि निवड उपलब्ध पर्यायांतूनच होते. अनेकवचनी क्रियारूप यतीच्या जागी असेल तर काळाची निवड हा पुरावा दुबळा ठरतो. एकवचनी रूप त्याच जागी असेल तर तो बळकट ठरतो, कारण तेथे ‘पार्ला’ आणि ‘पार्लॅ’ दोन्ही शक्य असताना कवीने एक निवडलेले असते. एकाच भाषणातील एकवचने आणि अनेकवचने वेगळी काढून पाहिली, तर रेंगाळणाऱ्या स्मृतीचा दावा टिकतो की नाही याची परीक्षा करता येते.

हीच दक्षता मुक्तच्छंदाच्या चर्चेतही घ्यावी लागते. ‘ला व्होग’ या नियतकालिकात १८८६ मध्ये फ्रेंच मुक्तच्छंदाचे आरंभीचे प्रयोग प्रसिद्ध झाले. तेथे बंधन तुटले म्हणजे नेमके काय तुटले, याचे एक उत्तर असे की, मूक ‘ई’ मोजावा की नाही याविषयीचा कवी आणि वाचक यांच्यातील करार सैल झाला. जाक रुबो यांनी ‘ला व्हिएयेस दालेक्सांद्र्’ (१९७८) या पुस्तकात बारा अक्षरी चरणाच्या मोडण्याचा इतिहास मांडला आहे, त्यातही या मूक अक्षराला मोठे स्थान आहे. अशा ओळीत ‘ते बोलतात’ हे रूप एका अक्षराचे की दोन, हे वाचकाने ठरवावयाचे असते. आपल्याकडील मुक्तच्छंदाची फ्रेंच मुक्तच्छंदाशी तुलना करताना दोन्ही ठिकाणी तुटलेले बंधन एकच होते असे मानून चालणार नाही. मात्रांचा आवर्तनबंध सैल होणे आणि अक्षरसंख्येचा करार सैल होणे या भिन्न घटना आहेत. पहिलीत निभृत अकाराला काही स्थान नाही, दुसरीत मूक ‘ई’ हाच कळीचा मुद्दा आहे.

७. समारोप

या विवेचनातून तौलनिक अभ्यासकासाठी एक साधा क्रम सुचवता येईल. फ्रेंच पद्यातील क्रियारूपाच्या काळाविषयी किंवा वचनाविषयी विधान करण्यापूर्वी ते रूप चरणात कितव्या स्थानी आहे आणि त्याच्या पुढचा शब्द स्वरादी आहे की व्यंजनादी, हे पाहावे. त्यानंतर त्या स्थानी त्याच धातूची इतर कोणती रूपे नियमानुसार येऊ शकली असती याची यादी करावी. यादीत एकच रूप उरत असेल तर काळाच्या अर्थावर भर देऊ नये आणि क्रियापद त्या जागी का आणले एवढाच प्रश्न विचारावा. अधिक रूपे उरत असतील तर निवडीचा अर्थ जरूर लावावा. आघाताच्या बाबतीत शब्द सोडून वाक्यखंड हे एकक मानावे आणि इंग्रजी गणांची नावे फ्रेंच चरणाला देऊ नयेत. हे काम भाषांतरावरून करता येणार नाही. मात्र त्यासाठी फ्रेंचवर संपूर्ण प्रभुत्वही लागत नाही. क्रियारूपांचे तक्ते आणि वर सांगितलेले मोजके नियम एवढ्यावर प्राथमिक परीक्षा होऊ शकते. अभंगाची अक्षरे बोटांवर मोजणाऱ्या वाचकाला ती विशेष जड जाऊ नये.

त्या विद्यार्थिनीला मी सारी हकीकत सांगितली आणि निबंध मागे घेण्याऐवजी पुन्हा लिहावयास सुचवले. दुसऱ्या खर्ड्यात तिने यतीच्या जागची अनेकवचने बाजूला ठेवून केवळ एकवचनी रूपे तपासली. तिचा पहिला निष्कर्ष आता भाषणाच्या उत्तरार्धापुरताच खरा उरला. पूर्वार्धातील एकवचने बहुतांशी साध्या भूतकाळात होती. दावा आकाराने लहान झाला, पण त्याच्यामागे आता कवीची निवड दाखवता येत होती.